फरशीवरचा अटलांटिक

पाणबुडी चालवायला शिकण्याआधी मी स्कूटर चालवायला शिकलो होतो, आणि तिने मला थेट सोसायटीच्या वॉचमनच्या खाटेवर नेऊन निजवलं होतं. मला पोहता येत नाही. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला जायचं म्हटलं तरी मी आदल्या दिवसापासून आलेपाकाच्या वड्या खिशात बाळगतो. असा हा बी.कॉम. झालेला माणूस वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी जर्मन आरमारात पाणबुडीचा कप्तान झाला, यात जर्मन आरमाराचा काही दोष नाही. दोष आमच्या पुतण्याचा.

पुतण्या शिकायला परदेशी गेला आणि जाताना "काका, हा तुमच्याकडे राहू दे" म्हणून आपला जुना कॉम्प्युटर आमच्याकडे टाकून गेला. त्यात गॅदरिंगचे फोटो, दोन अर्धवट प्रोजेक्ट आणि 'सायलेंट हंटर' नावाच्या खेळाचा तिसरा भाग सापडला. खेळ २००५ सालचा, म्हणजे जवळजवळ पुतण्याच्याच वयाचा. मी सहज बटण दाबलं, तर त्याने माझं नाव विचारलं, १९३९ साल चालू असल्याचं सांगितलं आणि एक आख्खी पाणबुडी माझ्या ताब्यात दिली. अर्ज नाही, जामीन नाही, अनुभवाचा दाखला नाही! आमच्या बँकेत नव्या माणसाला स्टेपलर द्यायचा तरी तीन सह्या लागतात. आणि मी काही नवा माणूस नव्हे. मी लागलो तेव्हा आम्हाला क्लार्क म्हणत, मग 'सिंगल विंडो ऑपरेटर' म्हणू लागले, आता 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. काम तेच आहे.

पाणबुडीबद्दल आधी थोडं सांगतो, म्हणजे माझ्या हालांची कल्पना येईल. जर्मनांची सर्वांत खपलेली जात म्हणजे 'टाइप सात'. लांबी साधारण सदुसष्ट मीटर, आत पंचेचाळीस-पन्नास माणसं, चौदा टॉर्पेडो, आणि संडास दोन. त्यातल्या एकात निघताना खाण्याचं सामान भरलेलं असे. ते खाऊन संपलं की मग तो खुला. म्हणजे सुरुवातीला पन्नास माणसांत एक. हे वाचून इंग्रज लेखक अंगावर काटा आणतात. माझं बालपण चाळीत गेलेलं असल्यामुळे मला यात शौर्य दिसलं नाही, नुसती रांग दिसली. मात्र चाळीतला संडास चुकीचा वापरला तर चाळ बुडत नसे. १४ एप्रिल १९४५ रोजी स्कॉटलंडजवळ 'यू-१२०६' या पाणबुडीच्या संडासाच्या झडपा चुकीच्या फिरवल्या गेल्या. पाणी आत आलं, ते बॅटऱ्यांपर्यंत पोचलं, क्लोरीन वायू सुटला, आणि पाणबुडीला शत्रूच्या विमानांखाली वर यावं लागलं. ती गेली. लढाई संपायला जेमतेम तीन आठवडे उरले होते.

खेळात शिकायला एक नाविक अकादमी आहे. तिथे मी पहिल्या रात्री जमिनीला धडकलो आणि दुसऱ्या रात्रीही जमिनीलाच. तिसऱ्या रात्री पाण्याखाली राहायला जमलं, पण वर यायचं बटण सापडेना. या सगळ्यापेक्षा अवघड निघाला तो नेम. बंदूक रोखली, बार काढला, असला प्रकार नाही. टॉर्पेडो तीस नॉटने जातो, त्याला पोचायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात समोरची बोट उभी राहून वाट बघत नाही. म्हणून तीन आकडे काढावे लागतात. तिचं अंतर, तिचा वेग, आणि ती आपल्याकडे तोंड करून किती तिरकी चालली आहे तो कोन. तिन्ही पेरिस्कोपातून, तेही घाईने, कारण पेरिस्कोप फार वेळ वर ठेवला की कोणीतरी बघतो. सुरुवातीला हे सगळं यंत्राकडून आपोआप करून घेता येतं. पण तसं केलं की खेळ आपले गुण कापतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बेरजा तपासलेल्या माणसाला हे सहन होईना. मी हाताने हिशेब करायचं ठरवलं.

वेग काढायची एक युक्ती मला फार आवडली. पेरिस्कोपातली उभी रेघ एका जागी धरायची आणि बोटीची नाळ त्या रेघेला लागल्यापासून शेपूट सुटेपर्यंत सेकंद मोजायचे. दीडशे मीटरची बोट एकोणतीस सेकंदांत गेली, तर वेग दहा नॉट. झालं. दुसरीही एक युक्ती आहे. सव्वातीन मिनिटांत बोट जितके शंभर मीटर कापेल तितके नॉट तिचा वेग. हे शिकल्यावर मी बाल्कनीच्या गजाला रेघ मानून खालच्या रस्त्यावरच्या बसा मोजू लागलो. बारा मीटरची बस संध्याकाळी साडेसहाला गजापुढून चार सेकंदांत गेली. म्हणजे पावणेसहा-सहा नॉट. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाहून इंग्लंडला येणारे अगदी रडतखडत चालणारे बोटींचे तांडे सात नॉटने येत. मी हा शोध सौ.ला सांगितला.

"मग बोटीनेच जात जा ना ऑफिसला," ती म्हणाली.

पहिली बोट बुडवली ती रात्री पावणेदोनला. पडद्यावर जाळ झाला, कडकड असा आवाज आला आणि कोपऱ्यात आकडा उमटला. टनांचा. या आकड्याने मला खुळं केलं. हे टन म्हणजे वजन नव्हे बरं का. 'ग्रॉस रजिस्टर टन' म्हणजे बोटीच्या पोटातली शंभर घनफूट जागा. जर्मन पाणबुड्यांचा सेनापती कार्ल डोनिट्झ याचं सगळं युद्ध या टनांवर चालायचं. शत्रू जितक्या बोटी बांधतो त्यापेक्षा जास्त बुडवायच्या, मग त्या कुठल्या का समुद्रात असेनात, भरलेल्या असोत की रिकाम्या. आमच्या वरच्या ऑफिसचं डिपॉझिटबाबत हेच धोरण आहे. कुठून आणता ते विचारणार नाही, एकतीस मार्चला आकडा दिसला पाहिजे. डोनिट्झच्या कप्तानांनी सुरुवातीच्या वर्षांत लाखभर टन बुडवले की गळ्यात 'नाइट्स क्रॉस' पडे. आमच्याकडे थर्मास मिळतो.

टनांच्या या शर्यतीत पहिला आला ओटो क्रेश्मर. त्याच्याइतके टन त्या युद्धात दुसऱ्या कुणाही पाणबुडीवाल्याने बुडवले नाहीत, आणि तो तर १९४१ च्या मार्चमध्येच इंग्रजांच्या हाती सापडला होता. त्याची रीत अशी. पाण्याखालून जायचंच नाही. अंधारात, पाण्याच्या वरून, राखणीच्या बोटींच्या फटीतून सरळ तांड्याच्या पोटात घुसायचं आणि दोन रांगांच्या मधे उभं राहून एका बोटीला एक टॉर्पेडो द्यायचा. इंग्रजांचं 'अ‍ॅस्डिक' यंत्र पाण्याखाली आवाज सोडून प्रतिध्वनी ऐके; वर तरंगणाऱ्या पाणबुडीपुढे ते बहिरंच. मीही तसंच करू लागलो. सापडलो, बुडालो, की मागे जपून ठेवलेल्या जागेवरून पुन्हा सुरू. अशा रीतीने एकदाही न मरता मी पंधरा दिवसांत लाख टनांच्या घरात गेलो. खऱ्या जर्मन पाणबुड्यांवर सुमारे चाळीस हजार माणसं गेली, त्यातली तीस हजारांच्या आसपास परत आली नाहीत. त्यांच्याकडे जपून ठेवलेली जागा नव्हती.

एका संध्याकाळी आई देवापाशी दिवा लावून माझ्या मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर एक बोट शेपटाकडून बुडत होती.

"कसली रे ही बोट?"

"मालाची. पाच हजार टन."

"आणि माणसं?"

"यात माणसं दाखवत नाहीत, आई."

"मग बोट काय आपोआप चालते?"

एवढं बोलून ती कणीक भिजवायला गेली. मी कॉम्प्युटर बंद केला नाही, उगीच खोटं कशाला सांगू. पण त्या रात्री हिशेब मात्र चुकले.

आईचा मामा, म्हणजे माझ्या आजीचा थोरला भाऊ, रत्नागिरीकडून मुंबईला येऊन बोटीवर लागला होता. १९४२ साली त्याची बोट बुडाली. आईने त्याला पाहिलेलंही नाही. ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मली. घरात त्याच्या नावावर एक पत्र्याची ट्रंक आणि एक अर्धं वाक्य होतं. आजीला बोटीचं नाव विचारलं की ती "शिटी ऑफ..." इथपर्यंत येई आणि पुढे दर वेळी निराळं गाव सांगे. एकदा कलकत्ता, एकदा लंडन. आम्ही पोरं हसायचो. पुढे मला कळलं की एलरमन कंपनीच्या त्या लाइनीतल्या बोटींची नावंच 'सिटी ऑफ' अमुक नि 'सिटी ऑफ' तमुक अशी ठेवलेली होती, आणि त्यांवर खलाशी बहुतेक हिंदी असत. लढाईत अशा कितीतरी 'सिट्या' बुडाल्या. आजीच्या उत्तरात चूक एवढीच होती की शहरं फार होती.

लढाई सुरू झाली तेव्हा ब्रिटिश व्यापारी बोटींवरच्या दर चार माणसांत एक हिंदी होता. डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल आणि खलाशी, हे पुष्कळसे आपल्या रत्नागिरीकडचे नि गुजरातेतले. खाली भट्टीपाशी आगवाले नि तेलवाले, ते पंजाब-सिल्हेटकडचे. सलूनमध्ये नि सैपाकघरात गोव्याचे. पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी, आणि टॉर्पेडो मात्र त्याच मापाचा. त्यातही भट्टीपाशी असलेल्याला शिडी चढून वर येईपर्यंत बोट बहुधा थांबत नसे.

यातली एक 'सिटी' सगळ्यांना ठाऊक आहे. तिचं नाव 'सिटी ऑफ बनारस'. बॉम्बवर्षावातून वाचवायला म्हणून इंग्लंडातली नव्वद मुलं तिच्यावर चढवून कॅनडाला पाठवली होती. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री 'यू-४८' ने तिला टॉर्पेडो मारला. त्या मुलांतली सत्त्याहत्तर गेली. इंग्लंडात केवढा आकांत झाला! तो व्हायलाच हवा होता. पण त्याच बोटीवर शंभराच्या आसपास हिंदी खलाशीही गेले, हे मला ती हकिगत तिसऱ्यांदा वाचताना कळलं, कारण पहिल्या दोन पुस्तकांत ते 'आणि इतर' मध्ये होते. एक होडी आठ दिवस अटलांटिकवर भरकटत राहिली. तिच्यात सहा मुलगे, त्यांना गोष्टी सांगून जागं ठेवणारी मेरी कॉर्निश नावाची संगीतशिक्षिका, आणि तीसेक हिंदी खलाशी होते. लढाईनंतर 'यू-४८' च्या कप्तानावर खटला झाला, तेव्हा त्याचं म्हणणं एकच होतं. बोटीवर मुलं आहेत हे मला ठाऊक नव्हतं. तो सुटला. तो खोटं बोलत नसावा असं मला वाटतं. पेरिस्कोपातून अंतर, वेग आणि कोन दिसतो. मी स्वतः पंधरा दिवस तेवढंच पाहत होतो.

मग मी बाजू बदलली. म्हणजे खेळात नव्हे. त्या खेळात राखणीच्या बोटीवर नोकरीच नाही. वाचनात बदलली. या तांड्यांना वाचवायला इंग्रज काय करत होते, ते शोधायला लागलो आणि मला लिव्हरपूलची फरशी सापडली.

जानेवारी १९४२. लिव्हरपूलमधल्या डर्बी हाउस या इमारतीत आरमाराचं अटलांटिकच्या लढाईचं मुख्य ठाणं होतं. तिथे वरच्या मजल्यावरच्या काही खोल्या गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाच्या अधिकाऱ्याला मिळाल्या. हा मनुष्य आरमाराने १९३८ साली क्षय झाला म्हणून घरी बसवलेला. आता माणसं कमी पडली तेव्हा परत बोलावलेला. काम काय, तर पाणबुड्या नेमक्या करतात काय ते शोधून काढ आणि त्यावर तोड सांग. हाताखाली माणसं कोण, तर महिला नौदलातल्या मुली, ज्यांना 'रेन' म्हणत. वयं एकोणीस-वीस-एकवीस. त्यांतल्या बहुतेकींनी समुद्र किनाऱ्यावरून पाहिला होता.

रॉबर्ट्सने खोलीची जमीन रंगवून तिचा समुद्र केला. दहा इंचाला एक सागरी मैल. फरशीवर लाकडी बोटी मांडल्या. भोवताली कॅनव्हासचे पडदे लावले आणि पडद्यांना लहान लहान भोकं पाडली. समुद्रावरून आलेले कप्तान पडद्यामागे बसत आणि आपापल्या भोकातून, अंधाऱ्या रात्री पुलावरून जेवढं दिसेल तेवढंच बघत. चिठ्ठीवर हुकूम लिहायचा. मुली तो घेऊन फरशीवर रांगत जात आणि खडूने बोटीची वाट आखत. राखणीच्या बोटींना पांढरा खडू. पाणबुडीला हिरवा, कारण तपकिरी फरशीवर हिरवी रेघ भोकातून दिसत नसे. एक डाव म्हणजे समुद्रावरची दोन मिनिटं. बस्स. एवढंच भांडवल! खडू, सुतळी, पडदे. लष्कराच्या कुठल्या टेंडरमध्ये इतकं स्वस्त सामान पुन्हा बसलं असेल असं वाटत नाही.

आणि पहिलाच शोध असा लागला की नंतर सगळ्यांना वाटावं, हे आधी कसं दिसलं नाही? १९४१ च्या डिसेंबरात जिब्राल्टरहून आलेल्या 'एच. जी. ७६' या तांड्याची रात्र रॉबर्ट्सने फरशीवर मांडली. तोवर सगळ्यांची समजूत अशी होती की पाणबुडी तांड्याच्या बाहेर दूर राहून टॉर्पेडो सोडते. म्हणून बोट पेटली की राखणीच्या बोटी बाहेरच्या बाजूला धावत, आकाशात उजेडाचे गोळे सोडत आणि अंधार ढवळून परत येत. या युक्तीचं नावही गोड होतं, 'बटरकप'. पण फरशीवर रेघा जुळेनात. तांड्याच्या मधोमध असलेली बोट बाहेरून लागणारच कशी? जीन लेडलॉ ही आकडेमोडीत तरबेज मुलगी आणि तिच्या जोडीला जेनेट ओकेल, यांनी रॉबर्ट्सबरोबर खडूने सगळे रस्ते आखून पाहिले. रेघा एकाच ठिकाणी जुळत होत्या. पाणबुडी तांड्याच्या आतच होती. ती मागून शिरायची, मारायची, बुडी घ्यायची आणि तांडा डोक्यावरून निघून गेला की मागल्या बाजूने आरामात सटकायची. आणि राखणदार तेवढ्यात पुढे बाहेर अंधारात काठी आपटत! आमच्या शाखेत एकदा अठरा रुपयांचा फरक तीन दिवस सापडत नव्हता. सगळे गिऱ्हाइकांच्या स्लिपा उलथून बघत होते, आणि तो हेडकॅशियरच्याच ड्रॉवरमध्ये होता. मला रॉबर्ट्सचा आनंद अगदी समजतो.

तोड सोपी. बोट पेटली की बाहेर धावायचं नाही. सगळ्यांनी मागे वळून तांड्याच्या शेपटापाशी, पाणबुडी जिथून सटकणार तिथे, अ‍ॅस्डिक लावून फेर धरायचा. या युक्तीचं बारसं जीन लेडलॉने केलं, 'रास्पबेरी'. इंग्रजीत तोंडाने पर्र असा आवाज काढून एखाद्याची टर उडवणं म्हणजे रास्पबेरी देणं. ही हिटलरसाठी होती. वरिष्ठ अ‍ॅडमिरल पर्सी नोबल आधी नाक मुरडून होते. फरशीवरचा डाव प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यांचं मत फिरलं. मग आठवड्याआठवड्याला अधिकाऱ्यांच्या तुकड्या शिकायला येऊ लागल्या. सहा दिवसांचा कोर्स. लढाई संपेपर्यंत पाच हजारांच्या आसपास अधिकारी त्या फरशीभोवती बसून गेले. दाढ्या वाढलेले, तीन-तीन हिवाळे अटलांटिकवर काढलेले ते लोक पहिल्या दिवशी खडू घेतलेल्या पोरींकडे बघून मिशीत हसत. तिसऱ्या दिवसापर्यंत त्याच पोरी पडद्याआडून हळूच "सर, आता वळलात तर बरं होईल" असं सुचवू लागत, आणि सर वळत.

१९४२ च्या नोव्हेंबरात नोबलच्या जागी मॅक्स हॉर्टन आले. हे स्वतः जुने पाणबुडीवाले. १९१४ साली 'हेला' नावाची जर्मन क्रूझर बुडवून, पुढे बंदरात चाच्यांचा काळा झेंडा लावून शिरलेले. त्यांच्याबद्दल अशी गोष्ट सांगतात. त्यांनी खेळात पाणबुडी मागून घेतली. पाच डाव खेळले आणि पाचही वेळा राखणदाराने त्यांना बुडवलं. समोर कोण आहे ते पडद्यामुळे दिसत नव्हतं. विचारलं, तर जेनेट ओकेलला पुढे आणलं. विशीतली पोर! साहेब भडकले. तुम्हाला माझ्या चाली दिसत होत्या, ही लबाडी आहे, म्हणाले. पण फरशी बंद केली नाही, आणि पोरीची बदलीही केली नाही. साहेब लोकांत हे दुर्मीळ आहे.

कारण त्याच वर्षीच्या मे महिन्यात दुसऱ्या एका फरशीवर, म्हणजे 'यामातो' या जपानी युद्धनौकेवर, असाच एक खेळ चालला होता. मिडवे बेटाच्या स्वारीची रंगीत तालीम. पंचाने फासे टाकले आणि जपानी विमानवाहू नौकांवर नऊ बॉम्ब पडल्याचं जाहीर केलं. 'अकागी' आणि 'कागा' बुडाल्या. यावर अ‍ॅडमिरल उगाकी म्हणाले, नऊ नाही, तीन धरा. 'अकागी' लगेच वर आली. 'कागा' पुढच्या डावात वर आली. आमच्याकडे याला 'सस्पेन्स अकाउंटला टाकणं' म्हणतात. आकडा जुळतो, पैसे सापडत नाहीत. महिन्याभराने, जूनमध्ये, खऱ्या मिडवेला दोन्ही बुडाल्या, आणखी दोघींना बरोबर घेऊन. उगाकींनी फासा फिरवला आणि मी मागे जपून ठेवलेल्या जागेवर जाऊन बसलो, यात फार फरक आहे असं मला मनाची समजूत घालूनही वाटेना.

१९४३ च्या एकट्या मे महिन्यात जर्मनांच्या एकेचाळीस पाणबुड्या गेल्या आणि २४ तारखेला डोनिट्झने उरलेल्या उत्तर अटलांटिकमधून मागे घेतल्या. हे सगळं खडूने केलं असं म्हणणं खोटं ठरेल. लांब पल्ल्याची विमानं आली होती, नवं रडार आलं होतं, जर्मनांच्या गुप्त तारा वाचल्या जात होत्या. पण तारा वाचून पाणबुडी कुठे आहे ते कळलं तरी तिथे पोचल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे ज्यांना पाठ होतं त्यांनी ते त्या फरशीवर पाठ केलं होतं.

मामा १९४२ साली गेला. 'रास्पबेरी' च्या आधी की नंतर, कोण जाणे. मशीद बंदराजवळ 'इंडियन सेलर्स होम' म्हणून इमारत आहे. माझी शाखा तिथून दहा मिनिटांवर. इतकी वर्षं मी ती बाहेरगावच्या खलाशांची लॉज समजत होतो. लढाईत समुद्रावर गेलेल्या आपल्या व्यापारी बोटींवरच्या सहा हजारांवर हिंदी खलाशांची आणि नौदलातल्या सुमारे चारशेंची नावं असलेल्या स्मृतिग्रंथाची एक प्रत तिथे ठेवलेली आहे, दुसरी चित्तगावला. मामाचं नाव त्यात आहेच अशी आईची खात्री आहे. मी अजून गेलो नाही. सहा हजार नावांत त्याच गावचं, त्याच नावाचं दुसरं कोणी निघालं तर कोणता आपला, हे मी तिला कसं सांगणार?

गेल्या मे महिन्यात आमची नववी संपवून रिकामी बसलेली कन्या म्हणाली, "बाबा, तू नुसतं सांगतोस. आपण खेळू या ना." म्हणून आम्ही गच्चीवर अटलांटिक आखला. एक फरशी, एक मैल. पडद्याला सौ.ने चादर दिली, पण भोकं पाडायला मनाई. आधीच फाटलेली दिली. व्यापारी बोटी म्हणजे कपड्यांचे नऊ चिमटे, तीन रांगांत तीन-तीन. राखणीला सोड्याच्या बाटल्यांची चार झाकणं. लाल फरशीवर पाणबुडीसाठी विटकरी खडू. कुकरचा टायमर सौ.च्या हाती, कारण वेळेच्या बाबतीत तिच्याशी वाद घालता येत नाही. मी पाणबुडी. पहिल्या डावात मी क्रेश्मरच्या थाटात मागून शिरलो आणि दोन चिमटे बुडवले. कन्येची झाकणं बाहेर धावली. दुसऱ्या डावाआधी तिने माझी वही वाचली. त्यानंतर तीन डाव ओळीने मी तांड्याच्या शेपटापाशी, बाहेर पडतापडता सापडलो.

"ही चादरीवरून डोकावते!" मी म्हणालो.

"अ‍ॅडमिरलसाहेब, चहा घ्या," सौ. म्हणाली.

तेवढ्यात कुरडया उचलायला आई वर आली. अटलांटिकच्या काठाशी थबकली. काय चाललंय ते कन्येने तिला दोन मिनिटांत सांगितलं, हल्लीच्या मुलांना सांगता फार चांगलं येतं. आईने सगळं ऐकून घेतलं.

"यातली मामाची कुठली?"

कन्या माझ्याकडे बघायला लागली. मग तिने निळ्या चिमट्याकडे बोट दाखवलं. "ही, आजी. सगळ्यांच्या मधली. तिला चारी बाजूंनी बोटी आहेत."

मी काही बोललो नाही. चारही डावांत मी तिथेच शिरलो होतो.

आई वाकली, निळा चिमटा उचलला, पदराला पुसला आणि दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलाला लावून टाकला.

"आजी, एक बोट कमी झाली आता!"

"होऊ दे," आई म्हणाली, आणि कुरडयांचं ताट घेऊन जिना उतरायला लागली.